पैकीच्या पैकी

कोंडीराम भिंगारदिव्यांची जयमाला एम.फिल. करायला पुण्याला गेली, तेव्हा ही पोरगी नेमकं शिकते काय, हे वस्तीत कुणालाच धड सांगता येईना. बी.एड. म्हटलं की कळतं, नर्सिंग म्हटलं की कळतं. हिचं आपलं मानसशास्त्र. "येड्यांची डाक्टर हुनार का रं तुझी पोरगी?" असं एकानं पारावर विचारलं, तर कोंडीराम म्हणाला, "न्हाई बाबा, शान्यांची." आणि खोटं कशाला बोला, त्याला तरी कुठं ठाऊक होतं! पोरगी शिकतेय ना, मग बास झालं.

कोंडीराम श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होता. बावीस सीझन त्यानं आगीसमोर काढले. बॉयलर म्हणजे सोपं करून सांगायचं तर अवाढव्य हंडा. खाली उसाचं चिपाड जळतं, त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, वर पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेवर अख्खा कारखाना चालतो. या हंड्याचं पथ्य एकच. आतलं पाणी उतरता कामा नये. पाणी उतरलं की नळ्या कोरड्या तापतात, आणि तापलेली नळी फुटली की जवळपासचा माणूस वाचत नाही. हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

पाणी किती आहे ते बघायला वर एक काचेची नळी होती. बेचाळीस लोखंडी पायऱ्या चढून गेलं की तिच्यासमोर एक स्टूल, आणि स्टुलावर दानीएल. दानीएल म्हणजे वॉटरमन. रविवारी चर्च चुकवायचा नाही आणि बाकीचे सहा दिवस तंबाखू चुकवायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी तो काच बघायचा आणि हातातल्या पान्यानं शेजारच्या पाइपवर ठोके द्यायचा. दोन ठोके म्हणजे पाणी बेस आहे. तीन ठोके म्हणजे पाणी उतरतंय, हुशार राहा. खालून कोंडीराम एक ठोका परत द्यायचा, म्हणजे कळलं. बॉयलरच्या घरघरीत शेजारच्यानं दिलेली शिवीसुद्धा ऐकू येत नाही, पण पाइपावर हात ठेवला की ठोका तळहाताला लागतो. ही रीत कुठल्या साहेबानं शिकवली नव्हती. त्या दोघांच्या आधीच्या लोकांनी पाडली, यांनी चालवली.

पंच्याण्णवच्या सीझनला कारखान्यात पॅनेल आलं. खाली काचेची खोली, तिच्यात थंड हवा, आणि भिंतीएवढ्या कपाटावर लाल आकडे. पाण्याची पातळी आता आकड्यात दिसायची, पाणी कमी झालं की पंप आपोआप जास्त सोडायचा. चीफ इंजिनियर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पॅनेल असं दाखवत, जसा काही घरात जावई आलाय. कोंडीरामला त्या खोलीत खुर्ची मिळाली. तो खुर्चीत बसायचा, आकडा बघायचा, आणि एक हात खिडकीतून बाहेर काढून पाइपावर ठेवायचा. चीफसाहेब ओरडायचे, "अरे, खिडकी लाव, गार हवा चालली!" तो लावायचा आणि साहेब गेले की पुन्हा उघडायचा.

आता यात जयमाला कशी आली ते ऐका.

तिच्या सरांचा विषय असा, की यंत्र आपोआप चालायला लागलं म्हणजे माणूस त्याच्यावर किती भरवसा ठेवतो आणि त्याच्या डोक्यावर किती भार पडतो. विषयाला नावं ठेवायची नाहीत, विषय चांगलाच होता. परदेशात विमानं चालवणाऱ्यांवर असले अभ्यास झाले होते, सरांना तो इथल्या कामगारांवर करायचा होता. पण कारखान्यात शिरायला वाट हवी. ती वाट म्हणजे जयमालाचा बाप. जयमाला म्हणाली, "सर, माझे वडीलच त्यात असतील, ते चालेल का?" सर म्हणाले, "माणसं मुळात बाराच आहेत. एक गाळून कसं भागेल?" झालं, मिटलं.

शहाण्णवच्या जानेवारीत ती कारखान्यात आली. हातात वही, खांद्याला पिशवी, पिशवीत सरांनी बनवून घेतलेली एक पेटी. पेटीवर छोटा दिवा. काम चालू असताना दिवा कधीही लागायचा, लागला की माणसानं बटण दाबायचं. दाबायला उशीर लागला म्हणजे डोकं दुसरीकडे अडकलंय, भार जास्त आहे, असा हिशेब. जयमाला बापाच्या शेजारी स्टूल टाकून बसायची. बाप आकडा बघायचा, ठोका ऐकायचा, दिवा लागला की घाईघाईनं बटण दाबायचा आणि चोरून पोरीकडे बघायचा, की बरोबर दाबलं का?

"आबा, माझ्याकडे नका बघू. नेहमीसारखं काम करा."

"आगं, तू हितं बसल्यावर नेमीसारखं कसं हुईल?" कोंडीराम हसून म्हणायचा. हे वाक्य तिनं वहीत लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.

महिनाभरात तिला एक गोष्ट दिसली आणि तिला हर्ष झाला. ठोका येतो त्या वेळेला बटणाला उशीर होतो. ठोके तासभर बंद ठेवून बघितलं, तर बाराही जणांचे हात झपाझप चालतात. बारकी का होईना, तिची स्वतःची अशी ती पहिली गोष्ट होती. सरांनी सांगितलेली नाही, पुस्तकातली नाही. तिनं ती तीनदा तपासली.

शेवटी फॉर्म वाटले. पाच प्रश्न, मराठीत. त्यातला महत्त्वाचा एकच. "पॅनेलवरच्या आकड्यावर तुमचा किती भरवसा आहे? शून्य ते दहा यांपैकी एक अंक लिहा." ती म्हणाली, "घरी न्या, सावकाश भरा, मनातलं खरं लिहा." दुसऱ्या दिवशी बारा फॉर्म परत आले. अकरा जणांनी दहा लिहिले होते. दानीएलनं नऊ.

जयमालाच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली म्हणजे चुकचुकलीच, नंतर तिनं ते कधी नाकारलं नाही. हात खिडकीबाहेर ठेवणारा आपला बाप दहा कसे देतो? पण सर खूश झाले, म्हणाले, "इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो." मग पाल गप्प झाली. एप्रिलच्या शेवटी अहवाल टाइप झाला, तोच तिचा प्रबंध, आणि ठरल्याप्रमाणं एक प्रत कारखान्याला गेली. तिच्या शेवटच्या पानावर जयमालानं आपल्या हातानं एक वाक्य घातलं होतं. पाइप ठोकण्याची जुनी पद्धत कामगारांचा मानसिक भार वाढवते, पॅनेलवर त्यांचा भरवसा पूर्ण असल्यामुळे ती बंद करता येईल.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला ती घरी आली. आईनं, चांगुणाबाईनं, खीर केली होती, आणि दानीएल दरवर्षीप्रमाणं खिरीला हजर होता. दोन वाट्या झाल्या, तिसरी पुढ्यात आली, तसा गडी खुलला.

"पोरी, पास झाली का न्हाई? आमी मार्क तर भरपूर दिलं हुतं."

"कसले मार्क, काका?"

"आता कसले म्हन्ती! त्या कागदावरचे. आमी सगळ्यांनी बसून ठरवलं हुतं. कोंडीराम म्हनला, तिचा मास्तर हे बघनार, कमी दिलं तर म्हनंल, काय आनलं पोरीनं? मग काय, दिलं धाडदिशी दहा. म्या म्हनलं, सगळ्यांनी दहा लिवलं तर मास्तर म्हनंल कापी केली. म्हनून म्या नऊ दिला. हाय का न्हाई डोकं?"

कोंडीराम गालातल्या गालात हसत होता. जयमालानं हातातली वाटी खाली ठेवली.

"आबा, मी खरं लिहा म्हणाले होते."

"आगं, खरं लिवायचं तर तीन लिवावं लागलं असतं," कोंडीराम म्हणाला. "आपल्या पोरीला तीन मार्क कोन देतं गं? तू चौथीत हुतीस तवा त्या मास्तरनं तुला गनितात पैकीच्या पैकी असून दोन कापलं हुतं. म्हनला, अक्षर बरं न्हाई. माझ्या ध्येनात हाय ते."

या माणसांना अडाणी म्हणावं, तर त्यांना प्रश्न चांगला कळला होता. लबाड म्हणावं, तर त्यांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. आयुष्यभर ज्यांना दुसऱ्यानं मार्क दिले, त्यांच्या हाती पहिल्यांदा मार्क द्यायचा अधिकार आला होता, आणि त्यांनी तो आपल्या पोरीवर उधळून टाकला. जयमालाला बापाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी पायाखालची जमीन सरकली. ते शेवटचं वाक्य याच मार्कांवर उभं होतं.

जून लागताच ती पुण्याला परत गेली आणि थेट सरांसमोर उभी राहिली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"लोक प्रश्नावलीत गोड बोलतात, हे जगभर आहे, जयमाला. म्हणून काय कुणी प्रबंध फाडत नाही. तुझी तोंडी परीक्षा जुलैत आहे. पुन्हा करायचं तर पुन्हा सीझन, म्हणजे पुन्हा वर्ष. नगरच्या कॉलेजातली जागा तुझ्यासाठी वर्षभर थांबणार आहे का?"

"मग निदान कारखान्याला तेवढं एक वाक्य काढायला सांगू या, सर."

"तो सल्ला आहे, हुकूम नाही. काय करायचं ते त्यांचे इंजिनियर ठरवतील. ते काय दूधखुळे आहेत?"

तिनं होस्टेलवर येऊन चीफसाहेबांना पत्र लिहिलं. फॉर्मवरचे आकडे खरे नाहीत, ठोके बंद करू नयेत, अशा चार ओळी. तारीख टाकली, सही केली, पाकीट चिकटवलं. आणि पोस्टात टाकलं नाही. आज टाकू, उद्या टाकू, तोंडी परीक्षा होऊ दे मग टाकू. परीक्षा झाली. जयमाला एम.फिल. झाली, वस्तीत पेढे वाटले गेले, कॉलेजातली जागा पक्की झाली. पाकीट वहीत राहिलं. ती वाईट नव्हती हो. घरात शिकलेली ती पहिली होती, आणि पहिल्याला मागं फिरायची भीती सगळ्यांत जास्त असते. पण भीती होती म्हणून पाप धुतलं जात नाही, हेही खरं.

ऑक्टोबरात कारखान्याचं अग्निप्रदीपन झालं. चेअरमननी सपत्नीक बॉयलरची पूजा केली, नारळ फुटला, पहिली आग पडली. त्याच दिवशी दानीएलला वरून काढून बगॅसच्या यार्डात घातलं. वरचं स्टूल रिकामं झालं. पाइप होता तसाच ठेवला, फक्त त्यावर बोर्ड लावला, "ठोकण्यास मनाई आहे".

नोव्हेंबरात जयमाला घरी आली, तेव्हा कोंडीराम ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होता.

"दानीलला खाली घातलं," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला. "कुनीतरी लिवलं म्हनं, की ठोकल्यानं आमचं डोकं शिनतं."

जयमालाच्या मनात आलं, आत्ता सांगावं, आत्ता पाय धरावेत. पण बापाचा चेहरा इतका निवांत होता, की तिला वाटलं, याला ठाऊक नाही, कशाला याचा जीव दुखवा.

"गुडघ्याला काय झालं, आबा?"

"पायऱ्या. तासाला एकदा वर जाऊन काच बघतो. बेचाळीस चढायच्या, बेचाळीस उतरायच्या."

"आकडा दिसतो की खाली."

"दिसतो की. लई ग्वाड दिसतो. पन कदी कदी तासभर हालत न्हाई गं. उकळतं पानी गप बसतंय व्हय कुटं? काचंत बघावं, तर पानी नाचत असतं. नाचतंय म्हंजी हाय." तेलाची वाटी बाजूला सारून तो म्हणाला, "तू नगं काळजी करू. म्या हाय तंवर काय हुत न्हाई."

तिनं तेलाची वाटी उचलून आत नेली. बोलायची ती शेवटची वेळ होती, आणि ती तिनं घालवली.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, दुपारच्या साडेतीनला, पाणी मोजणाऱ्या बारक्या नळीत क्षार साचून ती तुंबली आणि पॅनेलवरचा आकडा बावन्नवर थांबला. पाणी उतरत होतं, आकडा बावन्न. पंपाला वाटलं पाणी भरपूर आहे, त्यानं हात आखडता घेतला. काचेच्या खोलीत कोंडीरामबरोबर दोन नवे ऑपरेटर होते. त्यांनी नंतर सांगितलं, की कोंडीराम आकड्याकडे बघत होता, बघता बघता उठला, म्हणाला, "ह्यो लई येळ गप हाय," आणि पाना घेऊन बाहेर पडला. त्याची वर जायची वेळ व्हायला अजून वीस मिनिटं होती.

यार्डात घरघर कमी, तिथं बगॅस ओढणाऱ्या दानीएलनं ठोके ऐकले. तीन. मग पुन्हा तीन. मग मोजता येईनात इतके. दानीएल फावडं टाकून पळत सुटला, आगीजवळच्या चार गड्यांना त्यानं दंडाला धरून बाहेर ओढलं. ते चौघं वाचले. काचेच्या खोलीतल्या दोघांनीही ठोके ऐकून खोलीतूनच आग तोडली आणि खिडकी घट्ट लावली, म्हणून त्यांना ओरखडासुद्धा आला नाही. नळी वरच्या बाजूला फुटली. कोंडीराम पायऱ्यांवर सापडला, वरून नवव्या पायरीवर. पाना हातातून सुटला नव्हता.

खुर्चीत बसून राहिला असता तर जगला असता. एवढी साधी गोष्ट आहे.

जयमाला एसटीनं संध्याकाळी पोचली. त्याला बघू दिलं नाही कुणी, फक्त पाय बघू दिले. दानीएल भिंतीला डोकं आपटत होता, "म्या वर आसतो तर, म्या वर आसतो तर." तिनं त्याला धरलं, आणि धरताना तिला वाटलं, या माणसानं आपल्या तोंडावर थुंकावं. तो तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला.

फेब्रुवारीत चौकशी बसली. कारखान्याच्या गेस्ट हाउसात टेबल, टेबलावर हिरवं कापड, मागं सरकारी अधिकारी. माणूस सभ्य होता, त्यानं जयमालाला खुर्ची दिली, चहा मागवला. त्याच्यासमोर तिचाच अहवाल पडला होता, पानांत खुणेच्या चिठ्ठ्या घातलेल्या. वरती तिचं पूर्ण नाव. जयमाला कोंडीराम भिंगारदिवे.

"मुळात या प्रकाराला तुमच्या शास्त्रात नाव आहे म्हणे," अधिकारी म्हणाला. "अतिविश्वास. माणूस यंत्रावर इतका विसंबतो, की स्वतः बघणं सोडतो. तुमच्या वडिलांनी तर स्वतः लिहून दिलंय. दहापैकी दहा."

"ते खोटं आहे, साहेब. ते दर तासाला वर जात होते. भरवसा नव्हता म्हणूनच मेले ते. त्यांनी ठोके दिले, म्हणून सहा माणसं जगली."

"ठोके ऐकले कुणी? एक जण यार्डातला, जो तेव्हा बॉयलर हाउसात नव्हता. ते दोघं ऑपरेटर आता म्हणतात, की कसला तरी आवाज आला, नक्की सांगता येत नाही. आणि ठोकण्याला तर मनाई होती, बोर्ड आहे तिथं. तुमच्याच शिफारशीवरून."

"फॉर्मवरचे आकडे त्यांनी माझ्यासाठी लिहिले होते. मला पदवी मिळावी म्हणून."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. त्याला वाईट वाटलं असावं. "बाई, तुम्ही त्यांची मुलगी आहात. आता तुम्ही असंच म्हणणार. मीही म्हटलं असतं."

तेव्हा तिनं वहीतून ते पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. जूनची तारीख, चार ओळी, सही. अधिकाऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि मग पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला जूनपासून ठाऊक होतं?"

"हो."

"आणि पत्र पाठवलं नाहीत."

"नाही."

त्यानं पाकीट हलकेच तिच्याकडे सरकवलं. "जे पत्र कुणाला पोचलंच नाही, ते मी कागदांत कसं घेऊ? घेऊन तरी वडिलांना त्याचा काही उपयोग नाही. आणि तुमचं नुकसान होईल."

ती नुकसान करून घ्यायला तयार होती. पण या जगात तेही मागून मिळत नाही. महिन्याभरात निकाल आला. अटेंडंटनं पॅनेलवर अवाजवी भरवसा ठेवला आणि ऐनवेळी नेमून दिलेली जागा सोडली. दोन्ही एकाच वाक्यात. भरवसा ठेवला होता तर जागा का सोडली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सरांचं पुण्याहून पत्र आलं. दुःखाच्या दोन ओळी बऱ्या होत्या. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की सावरलीस की या घटनेवर लेख लिहायला हवा, अतिविश्वासाचं इतकं ठळक उदाहरण आपल्याकडे नोंदलेलं नाही.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला. सीझन संपला, भोंगा बंद झाला, वस्तीवर शांतता आली. जयमालानं कॉलेजला राजीनामा लिहिला होता, तो पिशवीतच होता, आणि या खेपेला तरी तो पोचवायचा असं तिनं ठरवलं होतं. त्या दुपारी चांगुणाबाईनं फडताळातून प्रबंधाचं निळ्या बांधणीचं पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"ह्यात त्यांचं नाव कुटं हाय, दाव मला."

"नाव नाही घालत, आई. नंबर असतो. ते चार नंबर."

"मग च्यार नंबर दाव."

जयमालानं पान काढलं. तक्त्यात चौथी ओळ. चांगुणाबाई प्रौढशिक्षणाच्या वर्गात आकडे शिकली होती, तिनं बोट ठेवून वाचलं, "एकावर शून्य. धा." मग तिथंच बोट ठेवून म्हणाली, "त्या दिशी घरला आले आन मला म्हनले, चांगुना, आज म्या पोरीला पैकीच्या पैकी दिलं. शाळंत कुना मास्तरच्या हातनं सुटलं न्हाईत, म्या दिलं. जेवले न्हाईत नीट, इतकं हरखलं हुतं."

जयमालाच्यानं राहवेना. तिनं आईचा दुसरा हात धरला.

"आई, दानीएलकाकांना खाली मी आणलं. ठोके बंद करा, असं मी लिहिलं होतं. याच पुस्तकात. आणि ते खोटं आहे हे कळल्यावरही मी गप्प बसले. आबांना मी मारलं, आई. त्यांना शेवटपर्यंत कळलंसुद्धा नाही."

चांगुणाबाईनं हात सोडवून घेतला नाही.

"त्यांला ठावं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"आग पेटवली त्याच दिशी. दानीलला का काढलं म्हनून भांडाया गेल्ते चीफसायबाकडं. सायबानं पुस्तक पुढं टाकलं, म्हनला, हे बघ, तुझ्याच पोरीनं लिवलंय, तुझंच नाव हाय वर. तवा गप घरी आले. म्या म्हनलं, पोरीला इचारा. तर म्हनले, खबरदार तिला काय बोललीस तर."

जयमालानं धरलेला हात सोडला.

"मग तासातासाला वर जाया लागले. राती पाय दाबताना म्या म्हनायची, गुडघं ऱ्हायलं न्हाईत तुमचं, दुसऱ्या कुनाला का धाडत न्हाई? तर म्हनायचे," चांगुणाबाईचा आवाज इथं पहिल्यांदा फाटला, "म्हनायचे, पोरीनं लिवलंय की काय हुत न्हाई. तिचं लिवल्यालं खोटं पडाया नगं."

जयमालानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. चांगुणाबाईचं बोट अजून त्या आकड्यावरच होतं, ते तिनं काढलं नाही.